रविवारी पाच जागा कशाला, एक बांध पुरे

वाचकाचं पत्र:

"गेल्या वर्षी मिररलेस कॅमेरा घेतला. राहतो डिचोलीला, नोकरी म्हापशाला बँकेत, सुट्टी फक्त रविवारची. पहाटे आम्ही चौघे मित्र दुचाक्या काढतो आणि दुपारपर्यंत चार-पाच ठिकाणं करून येतो. शापोऱ्याचा किल्ला, हणजूणचे खडक, कधी हरवळ्याचा धबधबा, कधी दिवाडी. घरी येतो तेव्हा कार्डात सहाशे-सातशे फोटो असतात, त्यातले दोन-तीन बरे. तेही मोबाइलवर आधीच कुणीतरी टाकलेल्या फोटोंसारखेच. एका ज्येष्ठ फोटोग्राफरांनी पाहिले आणि 'सावकाश काढ' एवढंच म्हणाले. म्हणजे नेमकं काय करायचं हे विचारायचं राहून गेलं. ट्रायपॉड लावला की मित्र कंटाळतात. वाइड लेन्ससाठी पैसे साठवतोय, ती घेतल्याने फरक पडेल का? आणि पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवून देतो, ते बरोबर आहे ना?"

नमस्कार,

आधी तुमच्या रविवारचा हिशेब मांडू. गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १५.५ अंशांवर आहे. इथे सूर्य क्षितिजाला घासत तिरका चढत नाही, जवळजवळ उभा वर येतो. उजाडण्यापूर्वीचा निळसर उजेड वीस-बावीस मिनिटांत सरतो आणि सूर्य उगवल्यावर तासाभरात ऊन इतकं वर येतं की सावल्या काळ्याकुट्ट दिसतात, आभाळ पांढरं पडतं. तुम्ही पाच ठिकाणं करता त्यातल्या पहिल्या ठिकाणाला प्रकाश मिळतो, दुसऱ्याला उरलासुरला, आणि बाकीच्या तिन्ही ठिकाणी तुम्ही पोचता तेव्हा निसर्गचित्राचा वेळ संपलेला असतो. कार्डातले ते दोन-तीन बरे फोटो बहुतेक पहिल्याच ठिकाणचे असतील. तपासून पाहा.

ते इतरांसारखे का दिसतात, याचं कारणही इथेच आहे. वीस मिनिटांत कुठल्याही जागी जे दिसतं ते येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. शापोऱ्याला चढून गेलेला माणूस त्याच तटाशी, त्याच उंचीवर, वागातोरच्या किनाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. तुमची नजर कमी पडते असं मला वाटत नाही. तिला कामाला लागायला वेळच मिळत नाही.

म्हणून लेन्सचा प्रश्न आधी निकालात काढतो: नको. वाइड लेन्स चौकटीत आणखी गोष्टी आणते, आणि तुमची अडचण तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्याची आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स वर्षभर पुरेल. साठवलेल्या पैशांतून वाऱ्यात न हलणारा, जमिनीलगत पाय पसरता येणारा ट्रायपॉड घ्या आणि राहिलेले पैसे प्रिंट काढायला ठेवा.

आता सावकाश म्हणजे काय. माझ्या मते त्याचा मोठा भाग कॅमेरा हातात घेण्याआधीच होऊन जातो. एक जागा निवडायची आणि तिथे परत परत जायचं. तुम्ही डिचोलीचे, तेव्हा नार्वे घ्या. सप्तकोटेश्वराचं देऊळ तुम्हाला ठाऊकच असेल, १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्याचा जीर्णोद्धार करवला ते. देव मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर तो नदी ओलांडून इकडे आला. त्याच नदीवर फेरीबोटीचा धक्का आहे, खारफुटी आहे, आणि पलीकडे दिवाडीची खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं), त्यांचे बांध, मानशी (पाणी आत-बाहेर सोडायची बांधातली दारं). धक्क्यावर उभे राहिलात तर दिवाडी नैऋत्येला, म्हणजे सकाळचं ऊन तुमच्या पाठीकडून पडतं आणि पलीकडचा काठ उजळतो. फेरी धरून पलीकडे गेलात की तोच सूर्य तोंडावर, आणि खारफुटीच्या नुसत्या काळ्या आकृती. एका नदीचे दोन काठ घेतलेत तरी दोन वेगळी चित्रं हाताशी आली.

एवढीशी जागा वर्षभर पुरेल का, ही शंका येईल. पुरून उरते, कारण आपल्याकडची जागा एकसारखी राहतच नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळपास सहा तास सरकली. म्हणजे या रविवारी सूर्योदयाला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला भरती! रविवारच्या माणसासाठी निसर्गाने केलेली इतकी सोयीची व्यवस्था मला दुसरी माहीत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मुरगावला सकाळी पाच-सहाच्या सुमारास ओहोटी असते. नदीतून नार्व्यापर्यंत पाणी वरखाली व्हायला आणखी थोडा वेळ लागतो, म्हणजे उजाडताना तुमच्यासमोर चिखल, खारफुटीची उघडी मुळं आणि पाण्याचे उरलेले बारीक ओघळ. अष्टमीच्या आसपास सकाळी पाणी चढलेलं, पण ती भांगाची भरती, बेताची. उधाणाची पुरी भरती कोवळ्या उन्हात मिळत नाही. ती येते दुपारी नाहीतर मध्यरात्री. तुडुंब नदीचं चित्र मनात असेल, तर ते पावसाळी ढगाळ दुपारी काढायचं, हे एकदा कळलं की पहाटेची एक निष्फळ धावपळ वाचते.

हे सगळं घरी बसून कळतं. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहा. कोकणात जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. गोव्यात तासाभराचा फरक धरावा लागतो. नेमकी वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांत मुरगाव बंदर असतं. मोबाइलवरही मिळते, पण तिथीवरून काढायची सवय लावून घ्या. आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दिवशी, बँकेत बसल्या बसल्या, येत्या रविवारी नदी कशी असेल हे तुमच्या डोळ्यांपुढे आलं पाहिजे.

सूर्याचंही तसंच. आपल्या अक्षांशावर उगवतीची जागा जून ते डिसेंबर या काळात क्षितिजावर सुमारे ४९ अंश सरकते. जूनमध्ये ज्या झाडामागून सूर्य वर आला, त्याच्या कितीतरी उजवीकडे तो डिसेंबरात दिसेल. एखादा माड, एखादा क्रूस, मानशीचं छप्पर नेमकं उगवत्या सूर्यासमोर यायला हवं असेल, तर तो आठवडा वर्षातून दोनदाच येतो. तो कधी, हे वहीत लिहून ठेवायचं. थंडीत पहाटे नदीवर धुंवर, म्हणजे धुकं, येते, डिसेंबर-जानेवारीत जास्त. समुद्राचा वारा सुरू व्हायला बहुतेक उशिराची सकाळ उजाडते, तोवर पाणी शांत असतं. प्रतिबिंब हवं तर तेवढाच वेळ.

खाजनाचं स्वतःचं वर्ष निराळं. पावसाने जमिनीतला खारटपणा धुतला की भात लागतं, कोरगुटासारखं मीठ सोसणारं. कापणीनंतर मानशीतून खारं पाणी आत घेतात, मासळी-सुंगटांसाठी (कोळंबीसाठी). मानशीची लाकडी दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. ती कशी चालते हे एकदा उभं राहून नीट पाहा. बांधाच्या आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांच्या पातळीतला फरक हाच एका फोटोचा विषय आहे, आणि तो मी फार थोड्या जणांना काढताना पाहिलंय. आपल्या किनाऱ्यांचे लाखो फोटो निघतात. ज्या बांधांनी हा प्रदेश समुद्रापासून राखला त्यांचे निघत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता प्रत्यक्ष रविवार. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी पोचा. एक फेरीबोट पलीकडे जाऊन परत येईपर्यंत कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही. चाला, उकिडवे बसा, मागे वळून पाहा. पाठीमागे बहुतेकदा जास्त काही चाललेलं असतं, कारण सगळे सूर्याकडे पाहत असतात. तुमचे पाय कुठे थांबतात त्याकडे लक्ष असू द्या. तिथे का थांबलो, याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे: "बांधाची वळणदार रेघ आणि तिच्या टोकाची मानस", एवढंच. वाक्यात ज्याचा उल्लेख नाही, ते चौकटीत असण्याचं कारण नाही.

मग कॅमेरा हातात घेऊन जागा शोधा. दोन पावलं डावीकडे, गुडघ्याएवढं खाली. बहुतेक जण आधी ट्रायपॉड छातीएवढा उभा करतात आणि मग त्याला जे दिसेल ते काढतात, म्हणूनच तो लावला की चित्र मेल्यासारखं होतं. ट्रायपॉड सगळ्यांत शेवटी लावायचा, हाताने सापडलेल्या जागी आणि सापडलेल्या उंचीवर. त्याचं खरं काम चौकट धरून ठेवणं. ती हलेनाशी झाली की तुम्हाला तिचे कोपरे तपासता येतात: डावीकडून घुसलेली विजेची तार, खालच्या कोपऱ्यातली प्लास्टिकची पिशवी, माडाच्या शेंड्याला कापत गेलेली कडा. चारही कडांवरून नजर सावकाश फिरवा. हे हातात कॅमेरा धरून कुणालाच नीट जमत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. आयएसओ १००. छिद्र एफ ८ ते एफ ११. सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ २२ वर जाऊ नका, इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि उलट सगळंच किंचित मऊ पडतं. पडद्यावरचं चित्र मोठं करून फोकस हाताने लावा. दोन सेकंदांचा टायमर ठेवा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. ट्रायपॉडवर इमेज स्टॅबिलायझेशन बंद. भात किंवा झावळ्या हलत असतील तर वारा पडायची वाट पाहा, किंवा हलणं दिसू द्यायचं ठरवा, पण ठरवा. हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या भिंतीला आदळत असेल तर आभाळ गेलंच समजा, शटरचा वेग वाढवा.

आणि मर्यादा घालून घ्या: एका सकाळी बारा फोटो. हा आकडा हवेतून काढलेला नाही. १२० फिल्मच्या रोलवर चौरस चौकटीचे बाराच फोटो निघतात, आणि त्या रोलांवर पिढ्यानपिढ्या माणसांनी कामं केली. प्रत्येक फोटोची किंमत मोजावी लागली की निम्मे फोटो न काढताच कळतात. मधल्या वेळात पडद्यावर मागचे फोटो पाहत बसू नका, समोर पाहा.

यावर तुमचे मित्र म्हणतील, इतकं रेंगाळलं तर क्षण निघून जाईल. याला उत्तर म्हणून अमेरिकेतले निसर्ग-छायाचित्रकार अँसेल अॅडम्स यांची एक हकीगत सांगतो. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून मोटारीने जाताना त्यांना चंद्रोदय दिसला. खाली चर्चच्या आवारातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं शेवटचं ऊन होतं. त्यांच्याजवळचा कॅमेरा आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा, अवजड. घाईत प्रकाशमापक सापडेना. पण चंद्राची तेजस्विता किती, हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्यांनी एक निगेटिव्ह काढली. दुसरी काढायच्या आत क्रुसांवरचं ऊन गेलं. आयुष्यभर सावकाश काम केलेला माणूसच इतका झटपट काढू शकतो. सगळी तयारी आधीची होती. नार्व्याला वर्षभर गेलात तर धुंवर फाटून फेरीबोट दिसण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात कुठे उभं राहायचं हे तुम्हालाही विचारावं लागणार नाही.

वहीचा उल्लेख वर झाला, तिच्याबद्दल थोडं. खिशात मावेल अशी घ्या. तारीख, तिथी, पाणी कसं होतं, वारा, आभाळ, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे काय दिसलं पण मिळालं नाही. "ऊन अर्धा तास आधी हवं होतं." "भात अजून गुडघ्याएवढं व्हायला हवं." अशा नोंदी म्हणजे पुढच्या फेरीचं कारण. कारणाशिवाय परत गेलात तर कंटाळाल, आणि मग पुन्हा पाच ठिकाणं सुरू होतील. पाच घरी जेवून उपाशी परतलेल्या माणसासारखं व्हायचं ते.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी फोटो निवडू नका. पहाटे उठल्याचा, थंडीचा, चहाचा आनंद तेव्हा अजून अंगात असतो आणि तो फोटोत आहे असं वाटत राहतं. आठवडाभर जाऊ द्या. मग एक निवडा आणि त्याची ए-फोर आकाराची प्रिंट काढा. ती घरात येता-जाता दिसेल अशी लावा. पंधरा दिवसांत तिच्यातलं उणं आपोआप दिसायला लागतं, मोबाइलवर ते कधीच दिसत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. खाजन ही लोकांची कामाची जागा आहे. पेरलेल्या शेतात पाय घालायचा नाही, नव्या चिखलाने लिंपलेल्या बांधावरून चालायचं नाही. मानशीवर मासे धरणारा, ओहोटीला खुबे वेचणाऱ्या बायका, फेरीबोटीवरचे खलाशी यांच्याशी आधी बोला, कॅमेरा नंतर. त्यांच्याइतकं पाणी कुठल्याही कोष्टकाला कळत नाही. कुणी चित्रात येणार असेल तर विचारा, आणि पुढच्या वेळी जाताना त्यांच्यासाठी एक प्रिंट घेऊन जा. भरभर फिरणाऱ्याला हे जमत नाही. तुम्ही दर रविवारी दिसू लागलात की लोक स्वतःहून सांगतील, "येत्या अमाशेला या, पाणी सोडणार आहोत."

मित्रांचं काय? त्यांना तोडू नका. महिन्यातला एक रविवार त्यांचा ठेवा. त्या दिवशी ट्रायपॉड घरी आणि मजेत फिरा. बाकीच्या रविवारी एकटे जा, किंवा त्यांना फेरीने दिवाडीवरून जुन्या गोव्याकडे पाठवा आणि साडेनवाला बन्स खायला भेटा. ट्रायपॉडपाशी तिघे जण ताटकळत उभे असले की कुणाचाही हात घाईला लागतो. हा त्यांचा दोष नाही, तुमचाही नाही.

राहिला पावसाळा. तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट हीच. गोव्याच्या निसर्गाचे चार सर्वोत्तम महिने तुम्ही कपाटात बंद करून ठेवता. ढगांमुळे प्रकाश दिवसभर मऊ राहतो, म्हणजे उन्हाळ्यात जो एक तास मिळतो तो आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत. भिजलेला चिरा काळपट लाल होतो. जुलैत खाजनं हिरवी होतात. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यांवर सीतेची आसवं आणि बारीक पांढरी फुलं पसरतात, ती पोटावर पडूनच पाहावी लागतात. ओल्या पानांवरची चकाकी घालवायला पोलरायझर लावा. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तेव्हा ट्रायपॉड हवाच. मोठी छत्री, दोन कोरडे पंचे, कॅमेऱ्यावर घालायला प्लास्टिकची पिशवी, एवढ्यावर काम होतं. फक्त जून ते सप्टेंबर हणजूणच्या खडकांवर ट्रायपॉड लावू नका. शेवाळ आणि लाटा दोन्ही दगा देतात. धबधब्यांवर बंदी असेल तर तिथेही जाऊ नका.

कपाटाबद्दल बोलायचं तर पावसात भिजण्यापेक्षा तेच जास्त धोक्याचं. लेन्सवरची बुरशी अंधारात, दमट आणि कोंदट हवेत वाढते. चार महिने बंद कपाटात ठेवलेला कॅमेरा म्हणजे तिला आयती जागा. घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे असावा. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर तापवून कोरडं करा, पुन्हा वापरता येतं. कातड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, कातडं ओल धरतं. वातानुकूलित खोलीतून बाहेर निघताना बॅग लगेच उघडू नका. थंड काचेवर वाफ धरते, ती अर्धा तास बॅग बंद ठेवली की टळते. दर आठवड्याला कॅमेरा बाहेर निघाला, त्याला हवा-उजेड लागला, तर बुरशीचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

चवथीच्या सुट्टीनंतर वहीतलं एक पान आणि एक प्रिंट मला पाठवा. तिथी लिहायला विसरू नका, पाणी कुठवर होतं हे मला त्यावरून कळेल.